निम्म्याच घराला औषध : ऊसतोड कुटुंबातल्या एका विवाहितेचं प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातलं एक गाव. जमीन मुरमाड, होळीच्या आधीच विहिरी तळाला जातात. दसरा-दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं आणि माणसं कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या कारखान्यांना ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल पाच-सहा महिन्यांत फेडायची, आणि एक दिवस जरी कामावर गेलं नाही तरी खाडा म्हणून पैसे कापले जायचे.

प्रकरणातली स्त्री 31 वर्षांची. इथे तिला नुसतं 'ताई' म्हटलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लग्न सतराव्या वर्षी झालं. तीन लेकरं झाल्यावर बाविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. घरात नवरा, सासू, थोरली जाऊ आणि दीर. जावेची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षीच काढलेली.

जावेची गोष्ट या भागात नवलाची नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, आणि त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढे जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. परवानगीनं शस्त्रक्रियेला आळा बसतो. पण बाई पहिल्यांदा डॉक्टरकडे ज्या तक्रारीसाठी जाते, ती पांढरं जाण्याची आणि ओटीपोटात कळ येण्याची तक्रार त्यानं मिटत नाही.

ताईला लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांबद्दल काय माहीत होतं, हे समुपदेशनात हळूहळू पुढे आलं. 'एड्स' हा शब्द भिंतीवरच्या पाट्यांमुळे माहीत, पण तो 'ट्रकवाल्यांचा आणि बाजारातल्या बायांचा' आजार. 'गरमी' (सिफिलिस) आणि 'परमा' (गोनोरिया) हे शब्दही कानावरून गेलेले, पण ते पुरुषांचे रोग. लग्नाच्या बाईला असं काही होतं, हे तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पांढरं जाण्याला घरात एकच नाव होतं, उष्णता. उपाय म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा आणि तुरटीच्या पाण्यानं आतून धुणं. यातलं तुरटीचं धुणं अपायकारकच. योनीत नैसर्गिकरीत्या असलेले उपयोगी जंतू आम्लता टिकवून धरतात, आणि आतून धुतल्यानं तेच कमी होतात.

तक्रार आणि पहिली भेट

जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, ताई सासूबरोबर उपकेंद्रात आली. चार महिन्यांपासून पांढरं जात होतं, त्याला वास होता, मधूनमधून खाज होती, कंबर दुखत होती. त्याआधी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात दोनदा दाखवून झालं होतं. तिथे आत ठेवायच्या गोळ्या मिळाल्या. आठ दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला 'पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल' असं सांगून 30 हजारांचा खर्च काढून दिला होता. नवी उचल मिळाली की त्यातून ऑपरेशन करायचं, असं घरात जवळपास ठरलं होतं.

उपकेंद्रात सिस्टरनं हिरवं कीट दिलं. राष्ट्रीय कार्यक्रमात लक्षणांवरून उपचार करण्यासाठी रंगांची कीटं ठरलेली आहेत. हिरवं योनिदाहासाठी असतं, त्यात सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच घ्यायचं. करडं कीट गर्भाशयमुखाच्या दाहासाठी आणि पुरुषाच्या लघवीच्या मार्गातून स्राव येत असेल तर, त्यात अॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम.

हिरवं कीट देणं चूक नव्हतं, अपुरं होतं. स्राव योनीतून येतोय की गर्भाशयाच्या तोंडातून, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहायचं साधन, घालून पाहावं लागतं. उपकेंद्रात टेबल होतं, पण पडदा फाटलेला, वीज गेलेली, आणि दाराशी लसीकरणाला आलेल्या बायका. तपासणी झाली नाही. ती शक्य नसेल किंवा बाई तयार नसेल, तर योनिदाह आणि गर्भाशयमुखाचा दाह या दोन्हींचे उपचार द्यावेत, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे हिरव्याबरोबर करडंही द्यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट राहिली ती विचारपूस. अशा वेळी विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे, 'मालकाला लघवी करताना जळजळ होते का, चड्डीला डाग पडतात का?' हो उत्तर आलं की संसर्गाची शक्यता बरीच वाढते. तो प्रश्न विचारलाच गेला नाही, कारण सासू शेजारी बसली होती आणि बहुतेक उत्तरं तीच देत होती. 'बाईच्या जातीला हे असायचंच, पण हिला जरा जास्तच हाय.' सासूला वजन करायला, रक्तदाब मोजायला म्हणून पाच मिनिटं बाहेर नेणं आशाताईंना जमण्यासारखं होतं. त्या दिवशी ते कुणाला सुचलं नाही.

तीन आठवडे वास आणि खाज गेली. मग दोन्ही परत आली, आणि आता ओटीपोटात सतत कळ, संबंधाच्या वेळी दुखणं आणि दोन दिवस अंगात बारीक ताप.

दुसरी तपासणी

जुलैअखेर आशाताई तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या, या खेपेला सासूशिवाय. नागपंचमी दोन दिवसांवर होती.

महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आधी मूत्रावरून गर्भचाचणी केली. ऑपरेशन झालेल्या बाईची ही चाचणी टाळायची सवय असते, ती घातक आहे. नसबंदीनंतर क्वचित गर्भ राहिला तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त असते, आणि तेही ओटीपोटातल्या कळेनंच सुरू होतं. चाचणी नकारात्मक आली. लघवीच्या तपासणीत काही नव्हतं. उजव्या बाजूला दाबून सोडल्यावर दुखणं नव्हतं, म्हणून अपेंडिक्सची शंका मागे पडली.

स्पेक्युलम नुसत्या पाण्यानं ओला करून घातला, कारण जेलीनं नमुना बिघडतो. आत पिवळसर हिरवट फेसाळ स्राव होता. गर्भाशयाच्या तोंडातून वेगळा, पूसारखा स्राव येत होता, आणि कापसाचा बोळा लागताच तिथून रक्त आलं. बोटांनी तपासताना गर्भाशयमुख हलवलं तर ताई कळवळली. योनीतल्या स्रावाचा नमुना मिठाच्या पाण्यात घेऊन लॅबमध्ये दहा मिनिटांच्या आत पाहिला गेला. ही घाई महत्त्वाची असते, नमुना थंड झाला की ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारे एक प्रकारचे सूक्ष्म जंतू, हलायचे थांबतात आणि मग ओळखू येत नाहीत. इथे ते हलताना दिसले.

म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी होत्या. ट्रायकोमोनासचा योनिदाह, गर्भाशयमुखाचा दाह, आणि तो वर चढून झालेली ओटीपोटातली सूज. जूनमध्ये योनीतल्या ट्रायकोमोनासवर उपचार झाला आणि तो तीन आठवडे दबला. गर्भाशयमुखाच्या संसर्गाला त्या गोळ्या लागूच पडत नव्हत्या, म्हणून तो वाढत राहिला. ट्रायकोमोनास परत का आला, याचं उत्तर मात्र गोळ्यांमध्ये नव्हतं.

पुढे काय करायचं

चार रस्ते समोर होते. घरच्यांच्या मनातला पहिला म्हणजे पिशवी काढणं. डॉक्टरांनी तो स्पष्ट शब्दांत नाकारला, आणि का ते ताईला चित्र काढून दाखवलं. योनीतला जंतू पिशवी काढल्यानं जात नाही, कारण योनी जागेवरच राहते. नवऱ्यात जंतू असेल तर तो परत येणारच. शिवाय तिशीत पिशवी काढली की अंडाशय राखले तरी पाळी जाण्याच्या वयातले त्रास लवकर सुरू होण्याची शक्यता वाढते. अंडाशयही काढले तर ते लगेच येतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. ज्या बाईला पुढची 15 वर्षं मोळ्या डोक्यावर वाहायच्या आहेत, तिच्यासाठी हे तोट्याचं गणित आहे.

दुसरा रस्ता हिरवं कीट पुन्हा देण्याचा होता, त्यात अर्थ नव्हता. तिसरा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवून गोनोरिया आणि क्लॅमिडिया या गर्भाशयमुखाला दाह करणाऱ्या संसर्गांची नेमकी तपासणी करण्याचा. तो चांगला, पण त्यात किमान दोन फेऱ्या, दोन दिवसांची मजुरी आणि अहवालाची वाट. ओटीपोटात सूज असताना थांबणं धोक्याचं असतं, उशिरानं नळ्या चिकटतात आणि पोट कायमचं दुखत राहतं. म्हणून चौथा निवडला. ओटीपोटातल्या सुजेसाठी असलेलं पिवळं कीट लगेच सुरू करायचं, तिसऱ्या दिवशी तपासायचं, 72 तासांत उतार पडला नाही, ताप चढला किंवा गोळ्या ओकून पडू लागल्या तर भरती करायचं. आणि नवऱ्यावर उपचार करायचे.

पिवळ्या कीटात सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम एकदा, मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम आणि डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 14 दिवस. ते कसं घ्यायचं हे सांगायला समुपदेशकांनी वीस मिनिटं घेतली, आणि ती वेळ सत्कारणी लागली. श्रावण लागलेला होता, ताईचे सोमवार होते. डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी घेतलं की पोटात आग होते आणि गोळी उलटते. दुधाबरोबर घेतलं तर ती नीट अंगात जात नाही, आणि उपासाला बाई तर दुधावरच असते. म्हणून सोमवारी भगर किंवा साबुदाण्याची खिचडी खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, दूध दोन-तीन तासांनी. उपकेंद्रातून मिळालेली लोहाची गोळीही त्याच वेळी घ्यायची नाही, दोन्हींत निदान तीन तास जाऊ द्यायचे. उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून खुरपायला जाताना डोक्यावरचा पदर आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. मेट्रोनिडाझोलनं तोंडाला पत्र्यासारखी चव येते, ती आली म्हणून सोडायचं नाही.

एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सुचवली. 2017 च्या कायद्यानुसार एचआयव्हीची तपासणी नीट माहिती देऊन आणि संमती घेऊनच करता येते. ताईनं आधी नकार दिला. 'मी काय तसली बाई हाय का?' समुपदेशकांनी तपासणीचा आग्रह सोडला आणि प्रश्नाकडे वळले. ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईचीही होते, तुमचीही तिन्ही बाळंतपणांत झाली असेल, हे सांगितल्यावर ती तयार झाली. दोन्ही नकारात्मक आल्या.

नवऱ्यापर्यंत पोचणं

सगळ्यात जास्त चुका इथे झाल्या, आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखंही इथेच आहे.

ताईला काय सांगायचं, हा पहिला निर्णय. पांढरं जाण्याची सगळीच कारणं संबंधातून आलेली नसतात. दह्यासारखा स्राव आणि खाज म्हणजे बहुधा बुरशी. राखाडी, पातळ, मासळीच्या वासाचा स्राव म्हणजे जंतूंचा समतोल बिघडलेला. या दोन्हींसाठी नवऱ्याला सरसकट औषध लागत नाही. तपासणीआधीच 'हे नवऱ्याकडून आलंय' म्हणणं म्हणजे घर पेटवणं. इथे मात्र तपासणी झाली होती आणि ट्रायकोमोनास दिसला होता. समुपदेशकांचं वाक्य असं होतं : 'हा आजार संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कुणाला आधी झाला, कधी झाला, हे तपासणीतून कळत नाही, कारण तो महिनोन्महिने गुपचूप राहू शकतो. दोघांनी एकदम औषध घेतलं नाही तर परत येणार.' यातला शब्दन् शब्द खरा आहे. ताईचा पहिला प्रश्न होता, 'म्हंजी माझ्यात खोट न्हाई ना?'

अशा बोलण्यानं पुरुषाला पाठीशी घातलं जातं, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. पुढच्या हंगामात काय करायचं हे ठरवायला बाईला पूर्ण माहिती हवी. म्हणून दुसऱ्या भेटीत, औषध सुरू झाल्यावर, धोका पुन्हा येऊ शकतो आणि तो कशानं टळतो हे आडवळण न घेता सांगितलं गेलं. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर ती गोळ्या घेऊन घरी पोचली असती की भांडण घेऊन, हे सांगता येत नाही.

दुसरा निर्णय चुकला. जोडीदारासाठीची छापील चिठ्ठी ताईच्या हातात दिली गेली. चिठ्ठीवर 'गुप्तरोग' हा शब्द होता. ताईनं ती ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवली. माहेरी जायची तयारी करताना ती सासूच्या हाती लागली. सासूला वाचता येत नाही, तिनं ती सहावीतल्या नातवाला वाचायला लावली. रात्री नवऱ्यानं 'माझ्यावर आळ घेती का?' म्हणून भांडण केलं, ताट फेकलं, आणि आशाताईंना घरात पाऊल ठेवायची बंदी झाली. बाईच्या हाती चिठ्ठी देण्याआधी विचारायचे प्रश्न साधे होते : घरात ती कोण वाचेल, कुठे ठेवाल, मालक रागीट आहेत का, याआधी हात उगारलाय का? ते विचारले असते तर चिठ्ठी दिलीच गेली नसती.

पंचमीनं वेळ मिळवून दिला. दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला आला आणि ताई माहेरी गेली. पंचमीला गेलेली लेक राखीपौर्णिमा करूनच परत यायची त्या घरातली रीत होती, म्हणजे दहा-अकरा दिवस. माहेर ग्रामीण रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. औषधाचे बहुतेक दिवस संबंधापासून लांब राहण्याची सोय कुणालाही खोटं न बोलता झाली. एरवी 'एकवीस दिवस नाही म्हणा' हा सल्ला सासरी नांदणाऱ्या बाईला पाळता येत नाही, आणि तो न पाळल्याचा दोष शेवटी तिच्यावरच येतो.

नवऱ्याशी बोलायचं काम आरोग्य सेवकांवर आलं, पुरुष म्हणून. पहिली खेप चहाच्या हॉटेलात, चार माणसांत. तो उठून गेला. दुसरी फोनवर, त्यानं फोन ठेवला. तिसऱ्या खेपेला आरोग्य सेवक त्याच्या शेतात गेले, बांधावर बसले आणि बायकोचं नावही काढलं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची हंगामाआधी तपासणी होते, तुमचीही करून घ्या, असं सांगून विचारलं, 'मागच्या हंगामात लघवीची काही तक्रार झाली होती का?' थोडं थांबून तो बोलला. फेब्रुवारीत, कारखान्याजवळ ट्रॅक्टरच्या खेपांवर तीन आठवडे एकटा असताना जळजळ सुरू झाली होती, चड्डीला डाग पडायचे. औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेतल्या, उतार पडला, म्हणून सोडून दिलं. पुरुषाची लक्षणं अशीच असतात, अर्धवट औषधानंही दबतात. ट्रायकोमोनास तर पुरुषात बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. त्या तीन आठवड्यांत काय घडलं ते त्यानं पुढे बायकोला सांगितलं की नाही याची नोंद नाही, आणि ती ठेवणं आरोग्य यंत्रणेचं कामही नाही.

तपासणीचं निमित्त खोटं नव्हतं, तपासणी खरोखरच होते. पण औषध देताना ते कशासाठी आहे हे त्याला सरळ सांगितलं गेलं. माहिती न देता, ताकदीच्या गोळ्या म्हणून औषध पाजणं हा अशा वेळी सुचणारा सोपा मार्ग असतो. तो माणसाच्या हक्काविरुद्ध तर आहेच, कामाचाही नाही, कारण पुढच्या वेळी तो काय टाळायचं हे शिकत नाही.

राखीच्या दुसऱ्या दिवशी तो बायकोला आणायला आला, तेव्हा दोघं ग्रामीण रुग्णालयात गेली. त्याला करडं कीट आणि ट्रायकोमोनाससाठी सेक्निडाझोल 2 ग्रॅम, डॉक्टरांसमोरच, जेवणानंतर. आधी औषधाची अॅलर्जी विचारली. तासाभरात ओकारी झाली तर परत या, म्हणून सांगितलं. दारूचं स्पष्ट विचारलं, या गोळ्यांवर दारू घेतली तर मळमळ, ओकारी, धडधड होऊ शकते, म्हणून तीन दिवस बंद. पोळा अजून दोन आठवड्यांवर होता, हे सोयीचं पडलं. त्याचीही एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी नकारात्मक आली. आणखी सात दिवस संबंध नको, हे डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं, त्यामुळे नकार देण्याची पाळी एकट्या ताईवर आली नाही.

निरोधवर बोलणं अवघड गेलं. ऑपरेशन झाल्यावर नऊ वर्षांत त्या घरात निरोध आलाच नव्हता. या भागात निरोध म्हणजे पाळणा लांबवायचं साधन. ऑपरेशन झालेल्या बाईनं तो मागणं म्हणजे नवऱ्यावर संशय घेणं. मुदत घातल्यानं मार्ग निघाला : एचआयव्हीची तपासणी तीन महिन्यांनी परत होईल, तोपर्यंत वापरा. ठरावीक दिवसांची, डॉक्टरांनी घातलेली अट नवऱ्याला मान्य करता आली.

परिणाम

तिसऱ्या दिवशी ताईची कळ निम्म्यावर आली होती. पाचव्या दिवशी तिनं मेट्रोनिडाझोलच्या दोन खेपा चुकवल्या, सोमवारी काही न खाता गोळी घेतली आणि ओकली. सातव्या दिवसाच्या भेटीत हे कळलं आणि वेळा बदलून दिल्या. चौदाव्या दिवशी तपासताना दुखलं नाही.

कॅन्सरची भीती मात्र मनातून गेली नव्हती. सुजलेल्या गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारख्या आम्लाची तपासणी नीट वाचता येत नाही, म्हणून ती मुद्दाम ऑक्टोबरपर्यंत लांबवली होती. 5 टक्के अॅसेटिक अॅसिड लावून एक मिनिट थांबून पाहिलं. पांढरा डाग, म्हणजे संशयाची खूण, उठला नाही. ऑपरेशनचा विषय घरातून गेला तो या तपासणीनंतर, आधीच्या बरं वाटण्यानं नाही.

तीन महिन्यांनंतरची तपासणी ठरल्या वेळी झाली नाही. नोव्हेंबरात दोघं कोल्हापूरकडे होती, तपासणीची चिठ्ठी सोबत होती, पण खाडा पडेल म्हणून कुणी गेलं नाही. ती मेमध्ये परतल्यावर झाली, दोघांचीही नकारात्मक. निरोध किती दिवस वापरला याचं खात्रीचं उत्तर मिळालं नाही.

जानेवारीत ताईचा फडावरून आशाताईंना फोन आला. खाज होती. 'पण ताई, हे वासाचं न्हाई. फाटलेल्या दुधावानी हाय. पोटात कळ न्हाई.' तिनं बुरशी स्वतः ओळखली होती. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्लुकोनाझोलची एक गोळी मिळाली आणि भागलं. वर्षभरापूर्वी तिच्याकडे या सगळ्याला 'उष्णता' हा एकच शब्द होता.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्येच करडं कीट मिळालं असतं तर ओटीपोटात सूज बहुधा झाली नसती. फाटका पडदा बदलायला आणि बॅटरीचा दिवा ठेवायला फार पैसे लागत नाहीत, उपकेंद्राच्या खर्चातून ते होण्यासारखं आहे. नसेल तर दोन्ही कीटं देण्याची सूचना सिस्टरच्या टेबलावर चिकटवलेली असावी. बाईला एकटं गाठायची सवय प्रत्येक तपासणीत लागायला हवी, मग ती या एका आजारापुरती उठून दिसत नाही.

चिठ्ठीवर 'गुप्तरोग' हा शब्द नको. 'दोघांनी मिळून तपासणीला यावे' एवढं पुरतं. आणि चिठ्ठी द्यायची की नाही हे बाईनं ठरवावं. पुरुष आरोग्य सेवकांना पहिल्याच दिवशी बोलावलं असतं तर ताट फेकलं गेलं नसतं. पुढची तपासणी पंधरवड्याच्या पगाराच्या दिवशी, तोड बंद असते तेव्हा, कारखान्याजवळच्या केंद्रात आधीच ठरवून ठेवता आली असती. केंद्राचा पत्ता सांगणारी 1097 ही मोफत हेल्पलाइन ताईला फोनमध्ये साठवून दिली होती, पण तिनं ती लावलीच नाही. ओळखीचा आवाज असलेल्या आशाताईंना मात्र लावली.

आणि जाऊ. जुलैत ताईची सगळी हकिगत घेतली गेली, जावेची पिशवी काढल्याचं कागदावर लिहिलंही गेलं, पण तिला आता काही त्रास आहे का, हे कुणी विचारलं नाही. मेमध्ये ताई तपासणीला आली तेव्हा जाऊ सोबत होती. पिशवी काढून चार वर्षं झाली तरी पांढरं जात होतं, वास होता. स्पेक्युलम घालून नमुना घेतला, दहा मिनिटांत पाहिला. ट्रायकोमोनास होते. तिला औषध दिलं. दिराशी बोलायला आरोग्य सेवक दोनदा शेतात जाऊन आले आहेत, तो अजून आलेला नाही.